लॅब्रॅडॉरला सरदाराचा कोट घातला, पण मुंडकं चिकटवल्यासारखं दिसतंय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या लॅब्रॅडॉरचं जुन्या युरोपियन सरदारासारखं लाल कोट, पदकं, खांद्यावर झालरी असं ऑइल पोर्ट्रेट करायला घेतलंय, १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास, कोट छान झालाय, डोकं वेगळं बघितलं तर तेही छान, पण दोन्ही एकत्र बघितलं की डोकं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय दोन उपप्रश्न, कोटाऐवजी पुणेरी पगडी आणि उपरणं चालेल का, आणि नवरा म्हणतो हे काय पेंटिंग आहे का, नुसता टाइमपास, तर त्याला काय सांगायचं.

मी पोर्ट्रेटवाला. आधी माणसांचीच करायचो, आजोबा, रिटायर झालेले साहेब, संस्थेच्या हॉलमधले संस्थापक वगैरे, आता निम्म्याहून जास्त ऑर्डरी कुत्र्यामांजरांच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा अशा कपडे घातलेल्या. त्यामुळे मिस्टरांचं आधी बघून टाकू कारण ते वाटतं तेवढं सोपं नाही, आणि तुमचा मेन प्रॉब्लेम पण तिथूनच सुटायला लागतो.

प्राण्याला माणसासारखं बसवून रंगवणं हा युरोपात चारशे वर्षांहून जुना धंदा आहे आणि सुरुवातीला त्यात कुत्री नव्हती, माकडं होती. सतराव्या शतकात अँटवर्पकडचा डेव्हिड टेनिअर्स (धाकटा) माकडांना कपडे घालून दारू पिताना, विड्या ओढताना, शाळेत मार खाताना रंगवायचा, माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये त्याची ही अख्खी मालिकाच आहे. मग हे फ्रान्समध्ये फॅशन झालं, पॅरिसजवळ शांतिई नावाचा राजवाडा आहे तिथे क्रिस्तोफ ह्युएनं १७३७ मध्ये एका खोलीच्या भिंतीच्या भिंती माकडांनी भरून टाकल्यात. आणि शार्दँ, जो भांडी, पाव, मेलेले ससे इतके गंभीरपणे रंगवणारा माणूस, त्यानंही १७४० च्या सुमारास पिसाची हॅट घालून ईझलसमोर बसलेलं माकड रंगवलं, लूव्रमध्ये आहे. त्याच्याच जोडीला झगा घालून भिंगातून जुनी नाणी तपासणारं दुसरं माकड. म्हणजे चित्रकार पण माकड आणि जाणकार पण माकड. पुढे १८३७ मध्ये दकाँ नावाच्या फ्रेंच चित्रकारानं कोट घातलेली माकडं एक निसर्गचित्र जवळून तपासतायत असं रंगवलं, कारण पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनाच्या ज्युरीनं त्याची चित्रं नाकारली होती. हरेक माकड म्हणतं आपलीच लाल, ते त्यानं अक्षरशः कॅनव्हासवर काढून दाखवलं.

आपल्याकडे पण आहे बरं का, फक्त कपडे कमी. महाबलीपुरमला सातव्या शतकातलं जे प्रचंड मोठं शिल्प आहे ना, दगडावर कोरलेलं, त्यात तपश्चर्या करणाऱ्या ऋषींसारखं एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून पुढचे दोन्ही पंजे वर जोडून उभं आहे आणि आजूबाजूला उंदीर. एक चिंधी अंगावर नाही आणि तरी ते पूर्ण माणूस वाटतं, नुसत्या पोझवर. कलकत्त्याच्या कालीघाट पटचित्रांमध्ये कपाळाला वैष्णवाचा टिळा लावलेलं मांजर तोंडात मासा किंवा कोळंबी धरून बसलेलं असतं, ढोंगी बुवांवरचा टोमणा, एका टिळ्यात काम झालं.

आता हे सगळं सांगायचं कारण असं की या सगळ्या चित्रांत प्राणी कोणी ठराविक नाहीये. टेनिअर्सचं माकड म्हणजे कुठलंही माकड, म्हणजे खरं तर तुम्ही आणि मी. ती टिंगल आहे आणि टिंगलीला चेहऱ्याची ओळख लागत नाही. तुम्ही करताय ते वेगळं आहे, तुमच्या चित्रात *तोच* कुत्रा दिसला पाहिजे, कॉलनीतल्या दुसऱ्या लॅबपेक्षा वेगळा, आणि वर कोट. ही पोर्ट्रेटची जात झाली. दोन्ही जाती एका कॅनव्हासवर घुसवायला गेलं की गडबड होते, म्हणजे लोक काय करतात की चेहरा ओळखू यावा म्हणून जीव ओतून करतात आणि कपडे मात्र विनोदी करतात, किंवा उलटं, कपडे सिरीयस आणि कुत्र्याला माणसासारखं हसवतात. माझं मत स्पष्ट आहे, चित्रकारानं हसायचंच नाही. कोट असा रंगवायचा की आत एखादा खरा जनरल असता तरी चालला असता, आणि कुत्रा असा की अंगावर कोट नसता तरी चालला असता, हसायचं काम बघणाऱ्याकडे सोडून द्यायचं.

आणि मराठी माणसाला तर या विषयात युरोपचा दाखला लागूच नये. साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांची गोष्ट ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलीय, भर दरबारात सरदार भेटीला यायचे होते तेव्हा महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतः डोक्यावर कधी काही घातलं नाही. त्या कुत्र्यानं शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला होता, त्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिलेला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. डफसाहेब हे वेडेपणाच्या खात्यात टाकतो, ते त्याचं मत. मला त्यात जे दिसतं ते असं की सजवलेल्या कुत्र्याकडे बघताना दरबारात कोणी हसायची हिंमत केली नसणार. मिस्टरांना एवढं सांगा आणि पुढे चला.

आता चिकटवलेलं मुंडकं.

नव्वद टक्के वेळा दोष डोक्यात पण नसतो आणि कोटात पण नसतो, मानेत असतो. माणसाची मान कवटीच्या खालून सरळ खाली उतरते, म्हणून माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये हनुवटी, मग थोडा गळा, मग कॉलर असं दिसतं. कुत्र्याची मान कवटीच्या *मागून* निघते आणि तिरकी मागे-खाली जाते, डोकं पुढे आलेलं असतं. समोरून बघितलं तर कुत्र्याला गळा दिसतच नाही जवळपास, जबडा आणि त्याखालचे केस थेट छातीवर येतात. तुम्ही माणसाच्या पोर्ट्रेटमधला कोट घेतलाय, त्यात जिथे माणसाचं डोकं होतं तिथेच लॅबचं डोकं बसवलंय, आणि मध्ये जी फट उरली तिथे नळकांड्यासारखी केसाळ मान काढलीय. बरोबर ना? डोकं खाली आणा. या साइजच्या कॅनव्हासवर इंच-दीड इंच तरी. जबड्याची खालची कड कॉलरच्या *वर* चढली पाहिजे, गळ्याचा पांढरा रुमाल असेल तर त्याची गाठ अर्धी झाकली गेली तरी चालेल. जुन्या पोशाखांतल्या उंच कॉलरी, गळपट्टे, झालरीच्या चकत्या या कामासाठी देवानं पाठवल्यासारख्या आहेत, सांधा झाकतात.

दुसरं खांदे. कुत्र्याला गळ्याचं हाड म्हणजे कॉलरबोन जवळपास नसतंच, खांद्याची हाडं छातीच्या दोन बाजूंना चिकटून असतात, म्हणून कुत्रा बसला की त्याचे खांदे बाटलीसारखे उतरते दिसतात. आणि तुम्ही निवडलाय एकोणिसाव्या शतकातला मिलिटरी कोट ज्याचा जन्मच खांदे रुंद दाखवायला झालाय, त्यावर परत सोनेरी झालरी. डोकं त्यात हरवतं. दोन रस्ते आहेत, एकतर झालरी खाली उतरवा आणि खांद्याची रेघ तिरकी करा, नाहीतर अठराव्या शतकातला कोट घ्या, त्यांची शिलाईच उतरत्या खांद्यांची असायची, त्यात कुत्रं आरामात मावतं. चिवाव्वा किंवा पगसारखं लहान डोकं असेल तर मी डोकं मुद्दाम मोठं करतो, मोजमाप गेलं खड्ड्यात, बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावर थांबली पाहिजे. तुमच्या लॅबला ते लागणार नाही, डोकं चांगलं रुंद असतं त्यांचं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, उजेड. चित्र आरशात बघा किंवा मोबाइलवर फोटो काढून उलटा करून बघा, लगेच कळेल की कोटावर उजेड डावीकडून येतोय आणि नाकावरचा चमका उजवीकडे आहे, किंवा कोटावर खिडकीचा उजेड आणि कुत्र्याच्या फोटोत फ्लॅश. हे होणारच कारण दोन वेगळ्या फोटोंवरून काम चाललंय. डोकं आणि कपडा एकाच खोलीत आहेत असं वाटायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जबड्याची सावली कॉलरवर पडली पाहिजे, पांढऱ्या कपड्यावर असेल तर थोडी निळसर-करडी, कडा मऊ. दुसरी म्हणजे लाल कोटाचा लाल रंग उलट फिरून जबड्याच्या खालच्या केसांवर आला पाहिजे, पिवळ्या लॅबवर तर हा भगवा-तांबूस उजेड इतका छान दिसतो की विचारू नका, ग्लेझनं म्हणजे रंगाच्या पातळ पारदर्शक थरानं द्या, बर्न्ट सिएन्नात (तांबूस तपकिरी) थोडं अलिझरिन (गडद लाल). हे दोन केले की अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम तिथेच संपतो. मग सगळ्यात शेवटी जबड्याच्या कडेचे मोजके केस कॉलरवर ओढायचे, ओल्यात, लांब बारीक ब्रशनं. मोजके म्हणजे मोजके, झालर नाही करायची.

केसांवरून आठवलं, प्रत्येक केस काढत बसू नका हो. आधी टोनचे मोठे ठोकळे, उजेड-सावली, जसं माणसाच्या चेहऱ्याला करतो तसंच, आणि केस फक्त तिथे जिथे दिशा बदलते किंवा कड येते, गालाजवळ, कानाच्या मुळाशी, भुवईवर. नाकापासून वर कपाळाकडे, गालावरून मागे, अशी दिशा असते, आधी पेन्सिलनं बाण काढून ठेवा. झिजलेला हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा) फेकू नका, केसांना तो नव्यापेक्षा बरा. काळं कुत्रं असेल तर काळी ट्यूब बंद, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून काळं करा, चमकणारा भाग गार निळसर आणि सावली उबदार.

डोळे. इथे लोक नकळत माणूस काढतात. आपल्या डोळ्यात बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं, कुत्र्याच्या डोळ्यात ते नॉर्मली दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि दिसलं तर तो घाबरलेला किंवा चिडलेला असतो. सरदार घाबरलेला काढायचा असेल तर गोष्ट वेगळी. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडू दे, चमका एकच आणि उजेडाच्या बाजूला. मांजर असेल तर लक्षात ठेवा, भर उजेडात तिची बाहुली उभी चीर होते आणि कमी उजेडात गोल, त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडातली राणी काढताय आणि डोळ्यात चिरा, असं नको. शेळी आणि घोडा, आडवी बाहुली, आणि त्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरून काढलं तर चेहरा विचित्र दिसतो, पाऊण वळलेला घ्या.

भुवईचं एक गमतीशीर आहे. कुत्र्यांमध्ये डोळ्याच्या आतल्या बाजूची भुवई उचलणारा एक स्नायू चांगला तयार झालेला असतो, लांडग्यात तो तसा नसतो, यावर २०१९ मध्ये अभ्यास आलाय. म्हणून तर ते बिस्कीट मागताना तसं बघतात. तुम्ही काढलेला फोटो बहुतेक त्याच क्षणाचा असणार कारण आपण फोटो काढताना हातात बिस्कीटच धरतो, आणि मग अंगावर पदकं आणि चेहऱ्यावर "आई एकच दे ना". मुद्दाम करायचं असेल तर झकास, नाहीतर भुवई खाली आणा. तोंडही मिटलेलं पाहिजे. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा कुत्रा आपल्याला हसतोय असं वाटतं आणि मी वर म्हटलं ते सगळं पाण्यात जातं. सकाळी लवकर, पंखा-एसीत, दमलेला नसताना बसवा आणि कोणीतरी दुसऱ्या खोलीतून वेगळाच आवाज करा, क्षणभर तोंड मिटतं, कान उभे होतात, तेवढ्यात धडाधड फोटो. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून, सहा-सात फूट लांबून, झूम करून. जवळून मोबाइलनं काढलं की नाक बटाट्याएवढं आणि कान गायब, तसाच कॅनव्हासवर उतरतो.

कपड्यांसाठी कुत्र्याला खरोखर कपडे घालून बसवू नका, त्याला त्रास आणि तुम्हाला घड्या चुकीच्या मिळणार. गॅदरिंगला ड्रेपरी भाड्यानं देणारे गावोगावी असतात, त्यांच्याकडून कोट आणा, घरातल्या कोणाला तरी घालून खुर्चीत बसवा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, कॅमेरा त्याच उंचीवर. एवढं केलं तर उजेडाचं मघाचं रामायण घडतच नाही.

हात हा वेगळाच ताप. माकडाला हात असतात म्हणून टेनिअर्स-शार्दँना हा प्रश्नच आला नाही, मला वाटतं इतकी वर्ष माकडंच का चालली त्याचं हेही एक कारण असणार. कुत्रं आलं आणि प्रश्न आला. थिएरी पोंसेले नावाचा बेल्जियन चित्रकार जुनी, कोणाची ते माहीत नसलेली खरीखुरी पोर्ट्रेट घेऊन त्यांच्या फक्त डोक्याच्या जागी कुत्र्याचं डोकं रंगवतो, हात माणसाचेच राहतात, आणि ते चालतं कारण बाकी सगळं त्या काळचंच असतं. अमेरिकेतला कूलिज, ती पत्ते खेळणारी कुत्री ज्याची आहेत तो, त्यानं सरळ पंज्यातच पत्ते दिले. ती चित्रं १९०३ पासून एका कॅलेंडर कंपनीसाठी केलेली, कलासमीक्षकांनी कायम नाक मुरडलं, आणि २००५ मध्ये त्यातली दोन लिलावात मिळून ५,९०,४०० डॉलरला गेली, हे पण मिस्टरांना सांगायला हरकत नाही. (जत्रेत भोकातून तोंड काढून फोटो काढायचे ते पुठ्ठ्याचे पैलवान-नट्या, त्याच्यासारख्या गोष्टीचं श्रेयही याच कूलिजला देतात, म्हणजे डोकं एकाचं अंग दुसऱ्याचं हा त्याचा आयुष्यभराचा विषय.) आणि सगळ्यात हुशार इंग्लिश चित्रकार लँडसीअर. १८४० च्या त्याच्या चित्रात पांढरा पूडल न्यायाधीश आहे, अंगावर झगा नाही, टोप नाही, पूडलचे स्वतःचे कुरळे केस आणि लोंबते कानच इंग्लिश जज्जच्या टोपासारखे दिसतात आणि एक पंजा उघड्या पुस्तकावर. बस. तुम्ही पण हात झाकू शकता, एक कोटाच्या बटणांत खुपसलेला, दुसरा फ्रेमच्या बाहेर, छातीपर्यंतचंच चित्र असेल तर सगळ्यात सोपं. माणसाचे हात मी स्वतः करत नाही, लॅबच्या खाली बोटं आली की मला ते मुखवटा घातलेला माणूस वाटायला लागतं.

पगडी चालेल का? चालेल, पण कानांचा विचार आधी करा. आपले कान डोक्याच्या बाजूंना, कुत्र्याचे वर, नेमके तिथे जिथे पगडी बसते. लॅब, बीगल, कॉकर यांचे कान पडलेले असतात म्हणून पगडी थोडी मागे सरकवून कान खालून बाहेर काढता येतात, छान दिसतं. जर्मन शेफर्ड किंवा आपलं गावठी, उभ्या कानांचं, त्याला घडीव पगडी बसतच नाही, त्याला फेटा द्या, दोन कानांच्या मधून पीळ नेऊन शेमला मागे सोडा. आणि कपाळ झाकू नका, भुवया गेल्या तर चेहरा गेला. उपरणं तर उत्तमच, मघाचा मानेचा सांधा फुकटात झाकला जातो, फक्त पांढऱ्यावर पिवळा लॅब म्हणजे दोन्ही फिकट, मागची भिंत गडद घ्या. एक मात्र सांगतो, जिरेटोप, देवांचे मुकुट आणि खरी शौर्यपदकं मी करत नाही, कितीही पैसे देऊ करू देत. शाहू महाराजांनी स्वतःची पगडी ठेवली, ती त्यांची होती. दुसऱ्याच्या मानाची वस्तू आपण गमतीसाठी उचलू नये असं मला वाटतं, कोणाला पटो न पटो. पदकं हवी तर मनानं तयार करा, मी एकदा हाडाच्या आकाराचं केलंय.

ॲपवर शे-दोनशेत फोटो टाकला की कोट घातलेलं चित्र मिळतं, मग हाताने कशाला, असंही कोणीतरी विचारेलच. तिथे धड आधीच तयार असतं, सगळ्यांना तोच कोट, आणि मान, उजेड, कान हे वरचे सगळे घोळ जसेच्या तसे. भेट द्यायला ठीक आहे.

तर तुमच्या आत्ताच्या कॅनव्हासचं. नवीन घेऊ नका. कोट वाळला असेल तर तो नव्यानं रंगवायची गरज नाही. डोक्याचा ट्रेसिंग पेपरवर आकार घ्या, कापा, कॅनव्हासवर ठेवून खाली सरकवत जा आणि आठ-दहा फुटांवरून बघा, कुठे तो कोटात "बसतो" ते डोळ्याला लगेच कळतं, चिकटपट्टीनं तिथेच ठेवून एक रात्र जाऊ द्या. मग जुनं डोकं पूर्ण वाळलेलं असेल तर उंचवटे बारीक सँडपेपरनं हलके घासून (मास्क लावून, रंगाची धूळ नाकात नको) वर बॅकग्राउंडच्या रंगाचा थर, आणि नवीन डोकं खाली. ऑइल आहे, वरचा थर खालच्यापेक्षा थोडा तेलकट ठेवा नाहीतर पुढे भेगा पडतात. खांद्याच्या झालरी वाळल्यावर गडद ग्लेझनं दाबा, लालही थोडा दाबा, आत्ता तो कोट चेहऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलतोय, सगळ्यात तीव्र उजेड-काळोख चेहऱ्यातच पाहिजे. पावसाळ्यात वाळायला वेळ लागेल, घाई करू नका, फायनल वार्निश सहा महिन्यांच्या आत तर नाहीच, तोवर रिटच वार्निशचा (तात्पुरतं, पातळ वार्निश) पातळ हात पुरतो. आणि डोकं सरकवल्यावर वरती जागा रिकामी वाटेल, तिथे काही भरायला जाऊ नका, पुढे पगडी करायचं ठरलं तर ती जागा लागेलच.